उड्डाणानंतर लगेच बिघाड झाला, तरी विमान दीड तास आकाशात का राहतं?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उड्डाणानंतर काही मिनिटांतच विमान वळायला लागलं, पंधरा-वीस मिनिटं कॉकपिटमधून कुणी काही बोललं नाही, मग घोषणा झाली की हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) यंत्रणेत बिघाड आहे आणि आपण परत जातोय. त्यानंतर तासाभराहून जास्त वेळ घिरट्या. शेवटी उतरल्यावर विमान धावपट्टीवरच उभं राहिलं, भोवती अग्निशामक गाड्या आल्या आणि टोइंग ट्रॅक्टरने विमान ओढून नेलं. तुम्ही विचारलंय, ‘विमानतळ खिडकीतून दिसत होता, मग लगेच का उतरवलं नाही? हा जिवाशी खेळ नव्हता का? आणि अशा वेळी प्रवाशाने काय करावं?’

मी बरीच वर्षं दोन इंजिनांच्या प्रवासी विमानांवर कॅप्टन म्हणून उडतोय आणि सिम्युलेटरवर (उड्डाणाची नक्कल करणाऱ्या यंत्रावर) वैमानिकांना याच प्रसंगांचं प्रशिक्षणही देतो. तुम्हाला त्या दीड तासात जी भीती वाटली ती मला पूर्ण समजते. आत बसलेल्या माणसाला फक्त वळणं जाणवतात, कारण दिसत नाही. ते कारण सांगायचा प्रयत्न करतो.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की बिघडलेलं विमान हवेत असणं हाच धोका आहे आणि जमिनीला टेकलं की तो संपला. काही बिघाडांमध्ये हे अगदी खरं असतं. पण दोन्ही इंजिनं चालू आहेत, विमान हाताला नीट साथ देतंय, कुठे आग नाही, धूर नाही, अशा वेळी ते विमान आकाशात तासन् तास आरामात उडू शकतं. त्याची खरी परीक्षा असते जमिनीला टेकून थांबण्याची. हायड्रॉलिकचा बिघाड नेमका तिथेच आडवा येतो, कारण चाकं, फ्लॅप्स (कमी वेगाने उतरता यावं म्हणून पंखांच्या मागच्या कडेतून बाहेर येणारे भाग) आणि ब्रेक याच यंत्रणेवर चालतात. त्यामुळे ‘उतरायला उशीर का’ याचं उत्तर ‘उतरण्याची तयारी किती करावी लागली’ यात आहे.

आता कशाकशावर अवलंबून आहे तेही सांगतो. बिघाड कोणता, विमानाचं वजन किती, धावपट्टी किती लांब, ती ओली की कोरडी, वारा कुठून, दिवस की रात्र, आजूबाजूला डोंगर आहेत का. त्याच बिघाडात एका दिवशी वीस मिनिटांत उतरणं शहाणपणाचं ठरतं आणि दुसऱ्या दिवशी दोन तास थांबणं. तुमच्या विमानातला नेमका हिशेब त्या दोन वैमानिकांपुढे होता. मी सांगतोय तो विचार करण्याचा क्रम, आणि तो जगभर बऱ्यापैकी सारखाच आहे.

सुरुवात पहिल्या मिनिटापासून करू, कारण त्या मिनिटात आम्ही मुद्दाम फार थोडं करतो.

धावपट्टीवर धावताना एक वेग असतो, त्याला व्ही-वन म्हणतात. तो ओलांडला की इंजिन बंद पडलं तरी उड्डाण करायचंच, कारण उरलेल्या धावपट्टीत थांबता येईलच याची खात्री नसते. उलट एका इंजिनावर वर चढता येईल याची खात्री आधीच करून घेतलेली असते. दोन इंजिनांच्या विमानाने एक इंजिन गेलं असताना, चाकं आत घेतल्यावर, किमान २.४ टक्के चढण धरलीच पाहिजे असा प्रमाणपत्राचा नियम आहे. म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की निदान २.४ मीटर वर. ऐकायला कमी वाटतं, पण नीट उडवलं तर पुरतं. ‘नीट उडवलं तर’ या शब्दांवर सगळं आहे.

म्हणून एअरबस कंपनीच्या विमानांवर शिस्त अशी की जमिनीपासून ४०० फूट उंची येईपर्यंत चाकं आत घेणं आणि वाजणारी घंटा बंद करणं, एवढंच. बिघाडावर उपाय सुरू करायचा तो त्यानंतर. विमानाची रचनाही याला धरूनच आहे: एअरबसच्या ए३२० या दोन इंजिनांच्या विमानात ८० नॉट (ताशी सुमारे १४८ किलोमीटर) वेगापासून १५०० फूट उंचीपर्यंत, फार गंभीर नसलेले कित्येक इशारे संगणक दाखवतच नाही. वैमानिकाचं लक्ष त्या अर्ध्या-एक मिनिटात दुसरीकडे जाऊ नये म्हणून.

नवीन वैमानिक सिम्युलेटरवर येतात तेव्हा सगळ्यात जास्त वेळ याच गोष्टीवर जातो. इंजिन बंद पडल्यावर रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीवरचा भाग) कसा द्यायचा हे त्यांना लवकर जमतं. हात आवरणं जमत नाही. लाल दिवा लागला की हात आपोआप स्विचकडे जातो. मी त्यांना सांगतो, दिवा जळू दे, तो कुठे पळून जात नाही. आधी विमानाचं नाक योग्य कोनात ठेव, वेग बघ, मग बोल, मग दोघांनी मिळून बघू काय झालंय ते.

घाईने काय होतं याचं उदाहरण फार दुःखद आहे. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैवानमधल्या तैपेईच्या सोंगशान विमानतळावरून ट्रान्सएशिया कंपनीचं एटीआर ७२ हे पंख्यांच्या दोन इंजिनांचं विमान उडालं. थोड्याच वेळात उजव्या इंजिनाच्या पंख्याची पाती एका सदोष संदेशामुळे आपोआप फिरून निकामी स्थितीत गेली. एका इंजिनावर ते विमान उडू शकत होतं. पण कॅप्टनने घाईत डाव्या, म्हणजे चांगल्या इंजिनाचा लिव्हर (ताकद कमी-जास्त करणारा दांडा) मागे ओढला आणि मग ते बंदही केलं. विमान नदीत कोसळलं, ५८ पैकी ४३ जण गेले. मूळ बिघाड जीवघेणा नव्हता. म्हणूनच इंजिन बंद करण्यासारखी परत न फिरवता येणारी कृती करताना एकाने लिव्हरवर हात ठेवून ‘हेच ना?’ असं विचारायचं आणि दुसऱ्याने स्वतः बघून ‘हो, हेच’ म्हणायचं, ही पद्धत आम्ही इतक्या कडकपणे पाळतो. तिला चार-पाच सेकंद लागतात.

विमान स्थिर झालं, सुरक्षित उंचीवर आलं, ऑटोपायलट लावला, की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो: हा बिघाड माझा वेळ खातोय, की मला वेळ देतोय? पुढचं सगळं याच्या उत्तरावर ठरतं.

आग, विझत नसलेला धूर, दोन्ही इंजिनं जाणं, विमान ताब्यात न राहणं, हे वेळ खाणारे बिघाड. इथे वजन, आरामशीर तयारी, सगळं बाजूला. २ सप्टेंबर १९९८ रोजी न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेल्या स्विसएअरच्या एमडी-११ मध्ये वैमानिकांना प्रथम विचित्र वास आला, आणि त्यानंतर साधारण २० मिनिटांत विमान कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाजवळ समुद्रात कोसळलं. २२९ जण होते, कुणीही वाचलं नाही. छताच्या आत लपलेली आग किती वेगाने सगळं खाऊन टाकते हे त्या अपघाताने सगळ्यांना शिकवलं. आज धुराचा संशय आला तर विमानाचं तोंड जवळच्या विमानतळाकडे वळवायचं आणि चेकलिस्ट त्या वाटेवर वाचायची, असंच शिकवलं जातं.

दुसरं उदाहरण तुम्हाला ठाऊक असेल. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाहून निघालेल्या यूएस एअरवेजच्या ए३२० ला सुमारे २८०० फुटांवर गीज पक्ष्यांचा थवा धडकला, दोन्ही इंजिनांची ताकद गेली. हडसन नदीत उतरेपर्यंत वेळ होता २०८ सेकंद. दोन्ही इंजिनं गेल्याची चेकलिस्ट फार उंचावर असलेल्या विमानाचा विचार करून लिहिलेली होती, ती पूर्ण करायला वेळच नव्हता. कॅप्टन सलनबर्गर यांनी चेकलिस्टमध्ये बरंच पुढे येणारं एक काम, एपीयू (शेपटीतलं छोटं सहायक इंजिन) सुरू करणं, आपणहून जवळजवळ लगेच केलं, त्यामुळे वीज राहिली आणि विमानाची नियंत्रणं नीट काम करत राहिली. सगळे १५५ जण वाचले. वेळ कमी आहे हे ओळखून त्यातलं सगळ्यात मोलाचं काम आधी करणं हेही या धंद्यातलंच कौशल्य आहे, आणि मला त्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

ए३२० चा पडदा या निवडीत मदत करतो. काही बिघाडांत तो ‘लवकरात लवकर उतरा’ असं लाल अक्षरांत सांगतो, काहींत अंबर (पिवळसर-नारिंगी) रंगात. लाल म्हणजे योग्य असं पहिलं विमानतळ गाठा. अंबर म्हणजे जवळच्या योग्य विमानतळाचा विचार करा, पण परिस्थिती बघून निर्णय घ्या. सूचना एकच असली तरी रंग बदलला की आमचा पुढचा तास बदलतो.

आता तुमच्या विमानाकडे. धावपट्टीवरच थांबणं आणि टोइंग, या दोन गोष्टींवरून अंदाज बांधता येतो. ए३२० मध्ये तीन स्वतंत्र हायड्रॉलिक यंत्रणा असतात: हिरवी, निळी आणि पिवळी. प्रत्येकीत ३००० पीएसआय (दाब मोजायचं एकक) इतका दाब. कोणतीही एक गेली तरी विमान व्यवस्थित उडतं. मला स्वतःला एकदा उड्डाणानंतर हिरवीचं तेल गळाल्याचा इशारा आला होता, तेव्हा काय काय करावं लागलं ते सांगतो, म्हणजे तुमच्या दीड तासाचा हिशेब लागेल.

आधी पंप बंद करायचा, आणि हिरव्या व पिवळ्या यंत्रणेला जोडणारं पीटीयू नावाचं युनिट बंद करायचं. ते चालू राहिलं तर रिकाम्या यंत्रणेत दाब आणायचा प्रयत्न करत राहतं आणि चांगली यंत्रणाही तापवून बसतं. मग पडद्यावर यादी येते, काय काय गेलं त्याची. चाकं नेहमीच्या पद्धतीने खाली येणार नाहीत. नेहमीचे ब्रेक नाहीत, पर्यायी ब्रेक आहेत. ऑटोब्रेक, म्हणजे आपोआप लागणारा ब्रेक, नाही. एका इंजिनाचा रिव्हर्सर (इंजिनाचा झोत उलटा वळवून वेग कमी करणारा भाग) नाही. पंखांवरचे काही स्पॉयलर (वर उघडून हवा अडवणारे पत्रे) नाहीत. फ्लॅप्स आणि स्लॅट्स (पंखांच्या पुढच्या कडेचे तसेच भाग) येतील, पण हळू. आणि आमच्या त्या विमानात पुढच्या चाकाचं स्टिअरिंगही हिरवीवरच होतं, म्हणजे थांबल्यावर धावपट्टीवरून वळून बाहेर पडता येणार नाही. तुम्हाला ओढून नेलं ते बहुधा याचसाठी. ट्रॅक्टर येईल हे क्रूला उतरण्याआधीच माहीत असतं, आणि धावपट्टी काही वेळ अडणार हे एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाला) आधी सांगावं लागतं, म्हणजे मागची विमानं दुसरीकडे वळवता येतात.

चाकांची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. ती स्वतःच्या वजनाने खाली येतात. कॉकपिटमध्ये एक हँडल असतं, ते तीनदा फिरवलं की कड्या सुटतात आणि चाकं खाली पडून लॉक होतात. पण एकदा अशी सोडलेली चाकं हवेत परत आत घेता येत नाहीत. चाकं बाहेर ठेवून लांब जाता येत नाही, इंधन फार खातात आणि वेगावरही मर्यादा येते. समजा चाकं सोडली आणि तेवढ्यात पुढच्या विमानाने धावपट्टी अडवली किंवा पाऊस कोसळू लागला, तर माझ्याकडचे पर्याय एकदम आटतात. म्हणून हँडल फिरवण्याआधी हवामान, धावपट्टी, पर्यायी विमानतळ, उरलेलं इंधन, सगळं पक्कं करून घ्यायचं. यात वेळ जातो आणि तो जायलाच हवा.

त्यानंतर थांबायला किती अंतर लागेल हा हिशेब. इथेच वजन येतं. ए३२० च्या एका नेहमीच्या प्रकाराचं कमाल उड्डाण वजन ७८ टन, पण कमाल लँडिंग वजन ६६ टन. या विमानात इंधन हवेत सोडून देण्याची सोय नसते, ती बोइंग ७७७ सारख्या मोठ्या विमानांत असते. त्यामुळे वजन कमी करायचं तर इंधन जाळावं लागतं, आणि ते तासाला साधारण अडीच टन जळतं. काठोकाठ भरलेल्या विमानाला पूर्ण फरक जाळायला चार तासांहून जास्त लागतील, म्हणून इतकं सहसा कुणी थांबत नाही. जास्त वजनाने उतरायला मनाईही नाही. विमानाची रचना अशी असते की कमाल लँडिंग वजनाला ते मिनिटाला ६०० फूट वेगाने टेकलं तरी टिकावं, आणि कमाल उड्डाण वजनाला मिनिटाला ३६० फूट वेगाने. माझ्यामागे आग असेल तर मी वजनाकडे बघणारसुद्धा नाही, फक्त शक्य तितकं हळू टेकवीन.

पण हायड्रॉलिकच्या बिघाडात थांबवणारी साधनंच कमी झालेली असतात. जड विमानाला जास्त वेगाने यावं लागतं, आणि वेग दहा टक्के वाढला की ब्रेकना गिळावी लागणारी ऊर्जा एकवीस टक्के वाढते, वजनाची वाढ वेगळी. ब्रेक लालबुंद तापतात. टायर फुटू नयेत म्हणून चाकांत वितळणारी बुचं असतात, ती वितळून टायर बसतात. म्हणजे बिघाडाने ब्रेक कमी केले आणि वजनाने ब्रेकवरचा भार वाढवला, असं दोन्ही बाजूंनी. अशा वेळी तासभर उडून दोन-अडीच टन कमी करणं, लांब धावपट्टी मागणं, वाऱ्याची बाजू बघणं, याने खरा फरक पडतो. अग्निशामक गाड्या तुमच्याभोवती आल्या त्या मुख्यतः तापलेल्या ब्रेककडे बघायला. त्यांना बोलावणं हा नेहमीचा भाग आहे, त्यावरून आग लागली होती असं समजू नका.

उतरण्याआधी हवेत थांबून राहण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे ४ नोव्हेंबर २०१० चं क्वांटासचं ए३८०. सिंगापूरहून निघाल्यावर काही मिनिटांत एक इंजिन फुटलं, तुकड्यांनी पंख भोकसला, तारा आणि नळ्या तुटल्या. पडद्यावर इशाऱ्यांची रांग लागली. कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी आणि कॉकपिटमधले इतर वैमानिक जवळपास ५० मिनिटं एकेक इशारा सोडवत राहिले, आणि उड्डाणानंतर साधारण पावणेदोन तासांनी विमान सिंगापूरच्याच चांगी विमानतळावर परत उतरलं. विमानात ४६९ जण होते, सगळे सुखरूप. उतरल्यावरही एक इंजिन बंद होईना, इंधन गळत होतं, ब्रेक तापलेले होते. तरी घाईने घसरगुंड्या न उघडता प्रवाशांना शिडीने उतरवलं. खाली थांबलेल्या माणसाला ते पावणेदोन तास वेडेपणा वाटले असते.

इथवरचं एकत्र मांडतो: पहिल्या मिनिटात फक्त उडवणं, मग वेळ आहे की नाही ते ठरवणं, वेळ असेल तर बिघाड आवरून उतरण्याचं गणित पक्कं करणं आणि मगच परत न फिरणाऱ्या गोष्टींना हात घालणं. यात एक सवय मी जोडतो. निर्णयाआधी को-पायलटला त्याचं मत विचारतो, आणि माझं मत तोपर्यंत सांगत नाही. कॅप्टन आधी बोलला की कमी अनुभवाचा माणूस मान डोलावतो, आणि त्याच्या डोळ्यांना दिसलेली एखादी गोष्ट कायमची राहून जाते.

आता तुमची ती न बोललेली पंधरा-वीस मिनिटं. आमचा क्रम ठरलेला आहे: विमान उडवणं, दिशा सांभाळणं, मग बोलणं. बोलण्यातही आधी एटीसी, कारण त्यांनी बाकीची विमानं बाजूला करायची असतात. नंतर केबिन क्रूच्या प्रमुखांना चार गोष्टी: काय झालंय, काय करणार आहोत, किती वेळ आहे, विशेष सूचना काय. प्रमुख या चारही गोष्टी परत म्हणून दाखवतात, म्हणजे ऐकण्यात चूक राहत नाही. प्रवाशांचा नंबर त्यानंतर. हे तुम्हाला त्या वेळी फार कठीण गेलं असणार. माझं स्वतःचं मत असं आहे की तपशील नंतर दिले तरी चालतील, पण ‘एक तांत्रिक अडचण आहे, विमान पूर्ण ताब्यात आहे, थोड्या वेळाने बोलतो’ एवढं वाक्य हाताला पहिली उसंत मिळताच सांगायला हवं. मी प्रशिक्षणात याचा आग्रह धरतो. काही सहकाऱ्यांना वाटतं की अर्धवट माहिती दिल्याने घबराट वाढते. मला अनुभव उलटा आहे, शांततेनेच लोक जास्त घाबरतात.

शेवटचा प्रश्न, प्रवाशाने काय करावं. पट्टा घट्ट, सूचना ऐकणं आणि बाहेर पडायची वेळ आलीच तर सामान सोडून देणं, हे तुम्हाला माहीत आहे. पण आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती फारसं कुणी सांगत नाही. ८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ ब्रिटिश मिडलंडचं बोइंग ७३७ पडलं. बिघाड डाव्या इंजिनात होता, वैमानिकांनी उजवं बंद केलं. कॅप्टनने घोषणा केली की उजव्या इंजिनाला त्रास होता. डाव्या इंजिनातून ज्वाळा निघताना केबिनमधल्या काही लोकांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या, ते बुचकळ्यात पडले, पण ती गोष्ट कॉकपिटपर्यंत पोचली नाही. ४७ जणांचा जीव गेला.

कॉकपिटमधून आम्हाला आमची इंजिनं आणि पंखांचा बहुतेक भाग दिसतच नाही. तुम्हाला दिसतो. पंखातून काही गळताना, ठिणग्या, धूर, तुटलेला पत्रा दिसला, किंवा घोषणेत सांगितलेली बाजू आणि तुम्ही पाहिलेली बाजू जुळत नसेल, तर केबिन क्रूला लगेच बोलवा आणि सांगा. त्यांना माहीत असेलच असं धरू नका. काय दिसलं, केव्हापासून, अजून चालू आहे का, एवढंच सांगा, अंदाज जोडू नका. ते इंटरफोनवरून आम्हाला कळवतात, आणि गरज वाटली तर आम्ही एखाद्या क्रूला तुमच्या खिडकीपाशी पाठवून खात्री करून घेतो. शक्य असेल तर रांगेचा नंबरही सांगा. आणि डावं-उजवं सांगताना विमानाच्या नाकाकडे तोंड करून बसल्यावर जी बाजू येते तीच सांगा, कारण तुमच्याशी बोलायला आलेल्या क्रूचं तोंड बहुतेक वेळा मागे असतं.